एटीएमचा पिन उलटा टाकला की पोलीस येतात?

आमच्या पंचवटीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज परत आलाय, चोराने एटीएमवर धमकावलं तर पिन उलटा टाका, पैसे निघतील आणि पोलिसांना गुपचूप खबर जाईल. वाचून बरं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण अशी सोय आपल्याकडच्या एटीएममध्ये नाहीये.

आता बघा, १२३४ चं उलट ४३२१, इथपर्यंत ठीक. पण ज्याचा पिन २११२ किंवा ७७७७ आहे त्याचं काय? उलटं केलं तरी तोच नंबर, म्हणजे तो रोज पैसे काढायला गेला की पोलिसांची गाडी येणार का. मशीनला तुमचा उलटा पिन म्हणजे फक्त चुकीचा पिन, पैसेही निघत नाहीत, आणि चोरासमोर तेच सगळ्यात धोक्याचं.

कल्पना अगदीच हवेतली नाही हं, अमेरिकेत १९९८ मध्ये तिचं पेटंट निघालं होतं, मेसेज बहुतेक तिथूनच फिरत आला असावा. खात्री करायची तर कार्डसोबत आलेलं माहितीपत्रक वाचा नाहीतर कार्डामागच्या नंबरवर फोन करून विचारा, मशीनवर प्रयोग नको, तीनदा पिन चुकला की कार्ड ब्लॉक होतं. खरंच असा प्रसंग आला तर पैसे देऊन टाका, तिथून निघा आणि ११२ लावा.