राणी नजरेनं सापडत नाही

पुसेगाव, म्हसवडची यात्रा जवळ आली की साताऱ्याकडच्या गावांत एक समज हमखास ऐकू येतो: पत्त्यांची तीन पानं उलटी टाकून त्यातली राणी कुठली यावर पैसे लावायचे, त्या तीन पानांच्या खेळात नजर तीक्ष्ण असली की राणी सापडतेच. हे साफ चूक आहे, आणि याच समजुतीवर माणसं लुबाडली जातात.

खेळवणाऱ्याचा हात जवळून बघा. एकाच हातात दोन पानं, एकावर एक, बोटांच्या टोकांत धरलेली. खालची राणी तो आधी दाखवतो. टाकताना खालचं पान पडलं असं वाटतं, पडतं वरचं. म्हणजे डोळ्यांत तेल घालून तुम्ही ज्या पानाचा माग काढता, ते मुळात राणी नसतंच.

मुडपलेल्या कोपऱ्याचंही तेच. खेळवणाऱ्याची मान वळताच शेजारचा माणूस राणीचा कोपरा मुडपतो आणि तुम्हाला खूण करतो. तो त्यांचाच साथीदार. पानं फिरवताना तो कोपरा सरळ होतो, दुसऱ्या पानाचा मुडपतो. माझ्या चुलत्यांनी बैल विकून आलेले पैसे अशाच कोपऱ्यावर लावले. गावानं त्यांना वेंधळं ठरवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

चुकून खरी राणी धरलीच, तर साथीदार दुसऱ्या पानावर मोठी रक्कम लावतो आणि फक्त त्याचाच डाव घेतला जातो. नाहीतर "पोलीस आले!" अशी हाळी, की सगळे पसार. पोलिसांची भीती मात्र खरी: रस्त्यावरच्या जुगाराला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो, फसवणुकीचा गुन्हा वेगळा.