परदेशातल्या नातवाला खाऊचे पैसे: थोडी पार्श्वभूमी

परदेशातून भारतात येणाऱ्या पैशाबद्दल ढिगाने लिहिलं जातं, वर्षाला शंभर अब्ज डॉलरच्या वर येतात, जगात आपला पहिला नंबर वगैरे. पण उलट्या दिशेने जाणारं पाकीट, म्हणजे आजीने नातवाच्या वाढदिवसाला द्यायचे पाचशे एक, मामाने भाचीच्या बारशाला पाठवायचे हजार एक, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. खरं तर आपल्याला पैसे पाठवायची सवय काही नवी नाही. मनीऑर्डर आपल्याकडे १८८० पासून होती आणि मुंबईतल्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर कोकणातली कित्येक घरं चालली. त्या फॉर्मच्या खाली दोन ओळी लिहायला जागा असायची, "पोरांना खाऊ आणावा" इतपत. २०१५ मध्ये ती जुनी मनीऑर्डर बंद झाली. पण ही सगळी सोय देशातल्या देशात. पैसा समुद्रापलीकडे जायचा म्हटलं की गोष्टच वेगळी.

त्यावरच्या बंधनांची सुरुवात थेट दुसऱ्या महायुद्धात. सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्रज सरकारने डिफेन्स ऑफ इंडिया नियमांखाली परकीय चलनावर कंट्रोल आणला आणि तो सांभाळायचं काम रिझर्व्ह बँकेकडे दिलं. युद्ध संपलं, कंट्रोल राहिला. १९४७ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला आणि मग आला १९७३ चा 'फेरा' हा परकीय चलनाचा कडक कायदा, १ जानेवारी १९७४ पासून लागू, ज्याच्यात परकीय चलनाची गडबड म्हणजे फौजदारी गुन्हा, तुरुंगापर्यंत मामला. डॉलर ही सरकारची वस्तू, तुमची नाही, हा सगळा विचार. १९६५ नंतर अमेरिकेने दार उघडलं आणि आपले इंजिनियर, डॉक्टर तिकडे जायला लागले, ती पिढी अजून खिशातल्या आठ डॉलरची गोष्ट सांगते. आता जाणाऱ्यालाच जिथे आठ डॉलर मिळायचे तिथे घरी बसलेल्या आजीला "नातवाला गिफ्ट" म्हणून डॉलर कोण देणार. त्यामुळे व्हायचं काय, तर कुणी जाणारं असलं की त्याच्या बॅगेत चकली, गोडा मसाला, चांदीचं निरांजन, एखादी सोन्याची साखळी. आपण परदेशी पार्सल म्हणजे लोणचं असं जे समजतो ना, त्यामागे प्रेम आहेच, पण मला वाटतं चलनाचा कायदासुद्धा आहे.

१९९१ मध्ये तिजोरी इतकी रिकामी झाली की सोनं गहाण टाकावं लागलं, त्यानंतर हळूहळू सैल होत गेलं. १९९९ मध्ये फेराच्या जागी फेमा हा नवा कायदा आला, १ जून २००० पासून लागू झाला, आणि मुख्य म्हणजे मामला फौजदारीचा राहिला नाही, दिवाणी झाला. तेव्हाच्या नियमात भेट म्हणून वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत पाठवायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी नको. मग ४ फेब्रुवारी २००४ ला एलआरएस नावाची परदेशी पैसे पाठवायची स्कीम आली, माणशी वर्षाला २५,००० डॉलर. पुढे ती मर्यादा वाढत वाढत २००७ मध्ये दोन लाखांवर गेली, २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा धाडकन ७५,००० वर आणली, आणि २०१५ पासून अडीच लाख डॉलर आहे. म्हणजे कायद्याने बघितलं तर आजी नातवाला अमेरिकेत फ्लॅट घेऊन देऊ शकते. प्रश्न मोठ्या रकमेचा नाहीचे, प्रश्न आहे पाचशे एकचा.

कारण रस्ता बांधलाय तो आत येणाऱ्या पैशासाठी. ती मनी ट्रान्सफरची काउंटर गल्लोगल्ली दिसतात ना, ती ज्या नियमाखाली चालतात त्यात पैसे फक्त बाहेरून भारतात येऊ शकतात, इथून पाठवता येत नाहीत. बाहेर पाठवायचे तर बँक, पॅन, ए-टू फॉर्म, त्यात कारणाचा कोड (भेटीसाठी एस-१३०२, हो, खाऊच्या पैशालाही कोड आहे), वर बँकेचा चार्ज, चलन बदलण्यावर कमीत कमी ४५ रुपये जीएसटी, आणि मग स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून जाताना मधे जी तिसरी बँक लागते ती आपला हात मारणार तो वेगळा. आमच्या मावशीने न्यू जर्सीतल्या नातवाच्या मुंजीला भिक्षावळ म्हणून हौसेने १०१ डॉलर पाठवले, पोचले ८६. तिला पंधरा डॉलरचं दुःख नाही, वरचा एक गेला याचं आहे. बँकेतला मुलगा म्हणाला, काकू, पुढच्या वेळी सगळे चार्जेस आपल्याकडे घ्यायचा ऑप्शन टिक करा. हे आधी सांगायचं की नाही!

दुसरी एक वाट आहे, २०११ पासून, ती म्हणजे परदेशी नातेवाईकाचं इथे एनआरओ खातं (परदेशात राहणाऱ्यांसाठीचं रुपयातलं खातं) असेल तर त्यात रुपयातच भेट टाकायची. सोपी वाटते. पण इथे "जवळचा नातेवाईक" कोण हे कंपनी कायद्यातून घेतात. १९५६ च्या जुन्या कायद्याच्या यादीत नातवंडं होती, २०१३ च्या नव्या कायद्याच्या यादीत नवरा-बायको, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि हिंदू अविभक्त कुटुंबातले सदस्य एवढेच राहिले. जावयाचं नाव आहे, नातवाचं नाही! इन्कमटॅक्सवाल्यांच्या यादीत मात्र नातू आहे, म्हणजे २०१९ पासून परदेशातल्या माणसाला दिलेल्या ५०,००० च्या वरच्या भेटीवर त्याला इथे कर लागतो पण नातेवाईकाला माफ, त्यात नातू बसतो. एकाच पोराचं एका खात्यात नातं आहे, दुसऱ्या खात्यात नाही.

टीसीएसचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक वर वसूल करते त्या कराचा गोंधळ सगळ्यांना माहीत आहे, २०२० मध्ये आला, २०२३ मध्ये २० टक्के झाला, एप्रिल २०२५ पासून दहा लाखांपर्यंत लागत नाही. पाकिटवाल्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

म्हणून बहुतेक घरांत जुनीच पद्धत, डिसेंबरमध्ये पोरं आली की हातात नोटा. त्या नोटा तिकडे जाऊन ड्रॉवरमध्ये पडतात. ८ नोव्हेंबर २०१६ ला त्यातल्या पाचशे-हजारच्या रद्द झाल्या. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना बदलून घ्यायला जून २०१७ पर्यंत मुदत होती, तीसुद्धा विमानतळावर कस्टमला दाखवून. पण ज्या नातवंडांचा पासपोर्ट अमेरिकन त्यांना तीही नाही, आणि आजीची पाकिटं मुख्यतः त्यांचीच होती.

छोट्या रकमेचा खरा विचार दिसला तो २१ फेब्रुवारी २०२३ ला, यूपीआय आणि सिंगापूरचं तसंच पेनाऊ जोडलं तेव्हा. मोबाइल नंबरवर पैसे, दिवसाला ६०,००० रुपयांपर्यंत, आणि लगेच पोचतात. काही ठरावीक बँकांपुरतंच आहे. मावशीने विचारलं, न्यू जर्सीला कधी? सध्या तरी तिने पाकीट करून कपाटात ठेवलंय, एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं, पोरं या डिसेंबरात यायची आहेत.