पर्बेक संगमरवर

पर्बेक संगमरवर हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात, पर्बेक द्वीपकल्पात सापडणारा जीवाश्मयुक्त शोभिवंत चुनखडक होय. उष्णता व दाब यांमुळे होणारे रूपांतरण त्यात घडलेले नसल्याने भूशास्त्रीय दृष्ट्या तो संगमरवर नव्हे. मात्र घोटल्यावर त्याला उत्तम झिलई चढते आणि या गुणामुळेच तो मध्ययुगीन इंग्लंडचा सर्वांत मानाचा सजावटी दगड ठरला.

सुमारे 14 कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कल्पाच्या आरंभी, या भागात उथळ सरोवरे व खाजणे होती. गोड्या पाण्यातील व्हिव्हिपॅरस या गोगलगायींचे लहान शंख त्यांच्या तळाशी दाटीने साचले आणि कॅल्साइटने एकमेकांना सांधले जाऊन त्यांचा कठीण खडक बनला. त्याचा रंग निळसर करडा, हिरवट किंवा तांबूस असतो. घोटलेला पृष्ठभाग जवळून पाहिल्यास प्रत्येक शंख वेगळ्या कोनात कापला गेलेला दिसतो : कोठे पूर्ण वेटोळे, कोठे नुसती कोर.

कोल्हापूर परिसरात असा दगड मिळत नाही. येथील काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसॉल्ट असून त्यातील पांढरे ठिपके शिंपल्यांचे नसतात, तर वायूच्या पोकळ्यांत नंतर भरलेल्या खनिजांचे असतात. घरोघरची शहाबादी फरशी चुनखडकाचीच खरी, परंतु ती कवचधारी प्राणी अवतरण्यापूर्वीच्या काळातील असल्याने तिच्यातही शंख सापडत नाहीत.

रोमन काळात या दगडाचे खल व शिलालेख घडवले जात. चिचेस्टर येथील, नेपच्यून व मिनर्व्हा यांच्या मंदिराचा उल्लेख असलेला पहिल्या शतकातील शिलालेख याच दगडावर कोरलेला आहे. त्याला खरी भरभराट लाभली ती 1174 च्या आगीनंतर कँटरबरी कॅथीड्रलच्या पुनर्बांधणीत तो वापरला गेल्यावर. सॉल्झबरी कॅथीड्रलच्या मुख्य इमारतीत (1220–1258) फिकट दगडाच्या भक्कम खांबांभोवती त्याच्या सडपातळ, काळसर खांब्या उभ्या केलेल्या आहेत. या रचनेतील कौशल्य थोर आहे. खडकाचे थर पातळ असल्याने उंच खांबी थराच्या जाडीतून निघत नसे. ती थराला समांतर अशी आडवी कापून उभी बसवावी लागे, आणि मग थरांच्या फटी उभ्या दिशेत येऊन दगड चिरण्याचा धोका वाढे. म्हणून तुकड्यांचे सांधे कड्यांनी जखडले जात. कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात उभे राहिले. त्याचे घोटीव खांब आणि सॉल्झबरीच्या खांब्या यांच्यात काळाचे अंतर फारसे नाही, मात्र बेसॉल्टला थर नसल्याने खिद्रापूरच्या पाथरवटांना ही अडचण आली नाही.

खाणींजवळच्या कॉर्फ गावी पाथरवटांचे कारखाने होते आणि घडवलेला माल पूल नावाच्या बंदराच्या खाडीतून जहाजांनी जाई. समाध्यांवरील पहुडलेल्या मूर्तींसाठीही हा दगड लोकप्रिय होता. वुस्टर कॅथीड्रलमधील जॉन राजाची मूर्ती त्याचे उत्कृष्ट उदाहरण आहे. चौदाव्या शतकापासून मऊ व कोरीव कामास सोप्या अलाबास्टरने त्याची जागा घेतली. एकोणिसाव्या शतकात जुन्या चर्चच्या दुरुस्तीसाठी आणि पर्बेकमधीलच किंग्स्टन येथील नव्या चर्चसाठी तो पुन्हा काढण्यात आला.

दमट हवेत त्याची झिलई उडते आणि शंखांमधील चिकणमातीचे पापुद्रे सुटून दगडाचे टवके निघतात, त्यामुळे उघड्यावरील कामापेक्षा इमारतींच्या आतले काम कितीतरी चांगले टिकले आहे.