मिक्सर पळवू नये

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवा मिक्सर आला. खोक्यात सात भाषांतली माहितीपुस्तिका होती. तिच्या मराठी पानावर तिसरीच सूचना अशी : 'भांडे रिकामे असताना मिक्सर पळवू नये.' आईने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "भरलेलं असताना तरी कशाला पळवायचा?"

मूळ इंग्रजीत 'रन' असणार, हे उघडच आहे. भाषांतर माणसाने केलं की संगणकाने, कोण जाणे. ज्याने केलं त्याच्या वहीत 'रन = धावणे, पळणे' एवढंच लिहिलेलं असावं. तुमच्या-माझ्या शाळेच्या वहीतही तेवढंच होतं.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने २०११ मध्ये 'रन' या क्रियापदाची नोंद नव्याने केली, तेव्हा अर्थांची संख्या ६४५ भरली. पीटर गिलिव्हर हा कोशकार त्या एका नोंदीवर नऊ महिने बसला होता. त्याआधी सर्वांत लांब नोंदीचा मान बराच काळ 'सेट'कडे होता. १९८९ च्या आवृत्तीत नुसत्या 'सेट'चे सुमारे ४३० अर्थ होते आणि सगळी नोंद साठ हजार शब्दांची, म्हणजे एक आटोपशीर कादंबरीच. नव्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर २००० मध्ये 'मेक'ने, २००७ मध्ये 'पुट'ने आणि मग 'रन'ने तो मान पटकावला. गंमत म्हणजे चारही शब्द अगदी बारके, पोरासोरांच्या तोंडचे.

हे अर्थ कुणी एका बैठकीत वाटून दिलेले नाहीत. जुन्या इंग्रजीतल्या 'रिनन'मध्ये धावणं आणि वाहणं दोन्ही होतं. त्याचा जर्मन भाऊ 'रिनेन' आजही पाण्याच्या वाहण्या-ठिबकण्यासाठी वापरतात. तेव्हा इंग्रजाचं नाक 'रन' होतं यात अलंकार वगैरे काही नाही, तो जुनाच अर्थ आहे. सलग, एका दिशेने, न थांबता हा गाभा धरला की पुढची साखळी दिसायला लागते. नदी रन होते, डोंगराच्या कडेने रस्ता रन होतो (रस्ता जागचा हलत नाही, पण आपलाही रस्ता साताऱ्याला 'जातो'च की), यंत्र रन होतं, आणि यंत्र चालवणारा माणूस मग दुकानही रन करतो.

इथे मला मराठीचं कौतुक वाटतं. इंग्रजांचं यंत्र धावतं, आपलं चालतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला वर्षानुवर्षं चालतो, आणि काहीच ठरत नसेल तर 'चालेल'. फ्रेंचांचं यंत्रही चालतं, जर्मनांचं धावतं. निवडणुकीत अमेरिकी उमेदवार धावतो, ब्रिटिश उमेदवार उभा राहतो. आपलाही उभाच राहतो.

आता खरा प्रश्न. कानावर शब्द पडला की डोकं इतक्या अर्थांतून नेमका एक कसा उचलतं? संदर्भ बघून, असं आपण पटकन म्हणतो. पण संदर्भ नेमका कधी कामाला लागतो, शब्द ऐकण्याआधी की नंतर?

डेव्हिड स्विनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये यावर एक फार देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याची युक्ती समजायला एक गोष्ट माहीत हवी : 'डॉक्टर' शब्द भेटल्यावर लगेच 'नर्स' समोर आला, तर तो आपण एरवीपेक्षा किंचित लवकर ओळखतो. एक शब्द जागा झाला की त्याची भावकीही अर्धवट जागी होते. स्विनीने लोकांना हेडफोनवर गोष्ट ऐकवली. एका सरकारी इमारतीतल्या खोलीच्या कोपऱ्यात माणसाला कोळी, झुरळं आणि इतर 'बग्ज' सापडतात. बग म्हणजे किडा, आणि बग म्हणजे चोरून ऐकायला लपवलेला मायक्रोफोनही. कोळी-झुरळं आधीच येऊन गेल्यामुळे शंकेला जागा नाही. 'बग्ज' ऐकू येताक्षणी समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटायची : कधी 'मुंगी', कधी 'हेर', कधी काही संबंध नसलेलं 'शिवणे', कधी नुसती निरर्थक जुळणी. हा खरा शब्द आहे की नाही, एवढंच बटण दाबून सांगायचं.

'मुंगी' लवकर ओळखली गेली, हे अपेक्षितच होतं. पण 'हेर'ही लवकर ओळखला गेला! म्हणजे झुरळांच्या गराड्यातही डोक्याने मायक्रोफोनचं दार उघडलं होतं. तीच अक्षरं गोष्टीतले आणखी तीन उच्चारखंड (सिलॅबल) ऐकवून झाल्यावर, साधारण सेकंदभराच्या आत दाखवली, तर 'हेर'चा फायदा संपलेला आणि मुंगीचा शाबूत. थोडक्यात, आधी सगळी दारं उघडतात, मग नको ती बंद होतात, आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पुढे यावर वाद झाले. संदर्भ फारच जोरदार असेल आणि एक अर्थ नेहमीच्या वापरातला असेल, तर दुसरं दार जेमतेम किलकिलं होतं, असंही दिसलं.

पण किडा आणि मायक्रोफोन हे तसे परके अर्थ. 'रन'चे अर्थ एकमेकांचे नातेवाईक आहेत. त्याने फरक पडतो. जेनी रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की 'बार्क'सारखे (कुत्र्याचं भुंकणं आणि झाडाची साल) असंबद्ध अर्थांचे शब्द ओळखायला उशीर लागतो, तर 'ट्विस्ट'सारखे एका घराण्यातल्या अनेक अर्थांचे शब्द उलट लवकर ओळखले जातात. मराठीत गळ्यातली माळ आणि गावाबाहेरचा माळ ही पहिली जात. 'लागणे' दुसरी : भूक, ठेच, निकाल, वेळ, झाडाला आंबे, सगळं लागतं.

संस्कृतमध्ये असा घोळ नाही, म्हणून नासाने तिला संगणकाची भाषा ठरवलं, हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. नासाने असं काहीही ठरवलेलं नाही. या फॉरवर्डच्या मुळाशी रिक ब्रिग्ज या संशोधकाचा १९८५ चा एक लेख आहे. वाक्याचा अर्थ उलगडून मांडण्याची वैयाकरणांची पद्धत संगणकासाठी उपयोगी पडेल, एवढाच त्याचा मुद्दा. बाकी अनेकार्थी शब्दांसाठी अमरकोशात वेगळा 'नानार्थवर्ग' आहे. 'सैंधव आण' म्हटलं, तर जेवताना मीठ आणायचं आणि निघताना घोडा, हे उदाहरणही शास्त्रग्रंथांतलंच.

फुशारकी मारायचीच तर भर्तृहरी या जुन्या वैयाकरणाची मारावी. कुठला अर्थ घ्यायचा हे कशावरून ठरतं, याची यादीच त्याने 'वाक्यपदीय' या ग्रंथात दिली आहे : साहचर्य, प्रकरण (म्हणजे चाललेला विषय), शेजारचा दुसरा शब्द, औचित्य, देश, काळ. भाषांतर करणारे आजचे संगणकही शेजारचे शब्द बघूनच अंदाज बांधतात. देशाच्या, म्हणजे जागेच्या बाबतीत मात्र ते बहुतेक वेळा आंधळे. वाक्य कुठे उभं राहून बोललं गेलं, ते त्यांना दिसत नाही. स्वारगेटला 'गाडी लागली' असं कुणी ओरडलं की माणसं पिशव्या उचलतात. खंबाटकी घाटात तेच ऐकलं की पिशवी शोधतात.