स्वतंत्र चित्रसंस्थांची ओढ : मंगेशी, म्हापसा आणि इफ्फीची रांग

नोव्हेंबरात पणजीला इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, रांगेत उभे राहिले की कॉलेजच्या पोरांच्या गप्पा कानावर पडतात. दिग्दर्शकाच्या आधी ती चित्रपट काढणाऱ्या संस्थेचे नाव विचारतात. ‘ए-ट्वेंटीफोर’ हे नाव तर हमखास निघते. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये तिघांनी काढलेली ही कंपनी आधी दुसऱ्यांचे चित्रपट वितरित करायची. तिने स्वतः पैसा घालून काढलेल्या ‘मूनलाइट’ला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि २०२३ मध्ये तिच्याच एका चित्रपटाने सात ऑस्कर नेली. संस्थेचे नाव पाहून तिकीट काढायचे, हे या पिढीला नवे वाटते. आपल्या आजोबांनी मात्र ते कधीच केले होते. तुतारी वाजवणारी बाई पडद्यावर दिसली, की चित्रपट ‘प्रभात’चा आहे हे कुणी सांगावे लागत नसे.

‘प्रभात’ची मुळे कोल्हापुरात. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर १९२९ साली बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांचे भांडवल त्यांच्या पाठीशी होते. आवाज दामल्यांकडे, कला फत्तेलालांकडे, कॅमेरा धायबरांकडे, दिग्दर्शन शांतारामांकडे. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. मालक स्वतः हाताने काम करणारे होते, त्यामुळे ‘हे चालणार नाही’ म्हणून अडवायला बाहेरचा शेठ नव्हता. १९३६ चा ‘संत तुकाराम’ त्यातून आला आणि व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, १९५३ मध्ये कंपनी बंद झाली. पुण्यातल्या तिच्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

आपल्या गोव्याच्या वाट्याला या गोष्टीची दुखरी बाजू आली. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी १९१८ साली सोबत्यांसह ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली आणि नाटकात मोठे नाव कमावले. बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला, तेव्हा दुसऱ्याच्या स्टुडिओत गाण्यापुरते उभे राहण्याऐवजी त्यांनी सांगलीत ‘बलवंत पिक्चर्स’ ही स्वतःची संस्था उभारली. १९३४ चा ‘कृष्णार्जुन युद्ध’ चालला नाही, पैसा बुडाला आणि मंडळी कर्जात सापडली. एक चित्रपट पडला तर दुसरा काढता येईल एवढे बळ हाताशी नसेल, तर मनासारखे करण्याची मुभा एका शुक्रवारी संपते. दीनानाथांच्या गाण्याबद्दल आपण भरभरून बोलतो. त्यांनी घेतलेल्या या जोखमीबद्दलही तितकेच बोलायला हवे.

म्हापशात २४ एप्रिल १९५० रोजी ‘मोगाचो आंवडो’ लागला, तो पहिला कोकणी चित्रपट. अल जेरी ब्रागांझा यांनी तो स्वतःच्या ‘एटिका पिक्चर्स’मधून काढला. राज्य पोर्तुगिजांचे, भाषेचा बाजार चिमुकला, आणि तरी संस्था स्वतःची! पुढे फ्रँक फर्नांड यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) काढले.

सरकारने १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन केले. ‘भुवन शोम’सारखा चित्रपट त्याच्याच कर्जातून झाला. पुढे ते एनएफडीसीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाले, आणि लक्ष्मीकांत शेटगांवकरांच्या ‘पलतडचो मुनिस’ या कोकणी चित्रपटाला पैसा एनएफडीसीनेच दिला. २००९ साली टोरांटोत त्याला समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार मिळाला. सरकारी पैशालाही अटी असतातच, पण गल्ल्यावर किती जमणार हा प्रश्न तिथे पहिला येत नाही.

यापेक्षा वेगळी वाट गुजरातच्या दूध उत्पादकांनी दाखवली होती. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढले आणि १९७६ मध्ये ‘मंथन’ आला. फोंड्याकडच्या माणसाला हे ऐकून नवल वाटू नये. देवळाच्या काल्याला किंवा जत्रेला होणारे आमचे मराठी नाटक वाड्यावरच्या वर्गणीतूनच उभे राहते. कुठले नाटक घ्यायचे, भूमिका कुणाला, पडदे कुठून आणायचे, हे सगळे वर्गणी देणारेच ठरवतात.

बार्द्रॉय बार्रेतो यांचा ‘नाचुया कुंपासार’ (२०१४) हा कोकणी चित्रपट असाच लोकांच्या पैशावर तयार झाला. नेहमीच्या थिएटरांच्या मागे न लागता त्यांनी तो सभागृहांतून दाखवला, आणि लोक तिथे गेले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण स्वतंत्र संस्थेचा श्वास बहुतेक वेळा निर्मितीत नव्हे, वितरणात अडकतो. ‘ए-ट्वेंटीफोर’ने वितरणापासून सुरुवात केली, ती उगाच नव्हे.

इफ्फी २००४ पासून गोव्यात आहे. २००७ पासून एनएफडीसीचा फिल्म बाजारही इथे भरतो, देशभरचे दिग्दर्शक अर्धे झालेले चित्रपट घेऊन पैसा आणि वितरक शोधायला येतात. मांडवीच्या काठी त्यांचे सौदे जुळतात. डिसेंबर उजाडला की मंडप उतरतात, आणि काणकोण किंवा पेडण्यातल्या ज्या पोराने त्या रांगेत उभे राहून दहा चित्रपट पाहिले, त्याला आपली संहिता घेऊन मुंबईची गाडी पकडावी लागते.