गतदोषांची खंत आणि ईश्वरावरील भिस्त (ख्रिस्ती विचार)

हातून घडलेल्या चुकांची कबुली दिल्यावर त्यांची बोचणी मनात धरून न ठेवता ती देवाच्या क्षमेवर सोपवणे आणि उद्याची चिंताही त्याच्याच स्वाधीन करणे, या दुहेरी आचाराला ख्रिस्ती श्रद्धेत महत्त्वाचे स्थान आहे. घडून गेलेले बदलता येत नाही आणि घडायचे आहे ते दिसत नाही, म्हणून दोहोंसाठी विसंबायचे ते एकाच देवावर, असा त्यामागील विचार आहे.

नव्या कराराच्या (बायबलच्या दुसऱ्या भागाच्या) मूळ ग्रीक भाषेत ‘मेटामेलोमाई’ म्हणजे मागाहून वाईट वाटणे आणि ‘मेटानोइया’ म्हणजे मन पालटणे. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताबाबत मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रग्रंथात) यांपैकी पहिला शब्द योजला आहे. यहूदाने चांदीची ३० नाणी परत केली, निर्दोष माणसाला धरून दिल्याचे कबूलही केले, आणि मग गळफास घेतला. येशूला धरून दिले त्याच रात्री त्याला तीनदा नाकारणारा त्याचा शिष्य पेत्रही ढसढसा रडला होता. पण तो सोबत्यांत राहिला, आणि योहानाच्या शुभवर्तमानानुसार पुनरुत्थित येशूने ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ असे त्याला तीनदा विचारून आपल्या मेंढरांची राखण त्याच्यावर सोपवली. मात्र वरील शब्दभेद फार ताणू नये, कारण बापाला आधी नकार देऊन नंतर द्राक्षमळ्यात कामाला जाणाऱ्या मुलाच्या दाखल्यातही मत्तयाने तेच क्रियापद वापरले आहे. खंत स्वतः घातक नसते. ती माणसाला कोणाकडे नेते, हे निर्णायक ठरते.

‘मागील गोष्टी विसरून पुढील गोष्टींकडे’ झेपावण्याची भाषा आरंभीचा ख्रिस्ती धर्मप्रसारक पौल याने बंदिवासातून फिलिप्पैकरांना (फिलिप्पै नगरातील ख्रिस्ती लोकांना) लिहिलेल्या पत्रात येते. हे विसरणे म्हणजे स्मृती पुसणे नव्हे. ख्रिस्ती हुतात्मा स्तेफनाच्या दगडमाराला संमती देणारा आणि ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा पौल करिंथकरांना लिहिताना स्वतःला प्रेषित (येशूने पाठवलेला दूत) म्हणवून घेण्यास अपात्र ठरवतो. आठवण शाबूत आहे, तिची सत्ता मात्र संपली आहे. शिवाय त्याने मागे टाकलेल्या गोष्टींत कूळ आणि यहूदी नियमशास्त्रातील निष्कलंकता हे अभिमानाचे विषयही आहेत, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. क्षमेमुळे भरपाईची जबाबदारीही टळत नाही: जकातदार जक्कयाने फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले होते.

भविष्याविषयीची शिकवण रानात देवाने पुरवलेल्या मान्ना या अन्नाच्या कथेत प्रत्यक्ष दिसते. इस्राएल लोकांनी रोजच्यापुरता मान्ना गोळा करायचा होता. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्यात किडे पडले, अपवाद फक्त शब्बाथासाठी (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसासाठी) राखलेल्याचा. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत (प्रोटेस्टंट श्रद्धेच्या शिकवणपुस्तिकेत) ईश्वरी तरतुदीवरील विश्वासाची फळे सांगताना संकटात धीर, समृद्धीत कृतज्ञता आणि पुढील काळासाठी देवावर दृढ भरवसा यांचा एकत्र उल्लेख आहे.

बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या २९व्या अध्यायातील ‘भावी सुस्थितीची आशा’ देणारे वचन धीरासाठी वारंवार उद्धृत होते, पण त्याचा संदर्भ कठोर आहे. ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहूदी बंदिवानांना लिहिलेल्या पत्रात येते आणि सुटकेसाठी ७० वर्षांची मुदत सांगते. तोवर त्यांनी तेथेच घरे बांधावीत, मळे लावावेत, मुलांची लग्ने करावीत आणि त्या परक्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करावी, अशी आज्ञा आहे. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस स्वतः पाहता येणार नव्हता.