ब्रॅकेटॉलॉजी

ब्रॅकेटॉलॉजी : अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय (एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या, प्रथम विभागाच्या) स्पर्धेत कोणते संघ निवडले जातील आणि त्यांना कोणते मानांकन मिळेल, याचा निवड समितीच्या घोषणेपूर्वी अंदाज बांधण्याची पद्धत. सामने कोण जिंकेल याचे भाकीत हा निराळा विषय आहे.

या पद्धतीचा आरंभ नेमका सांगणे कठीण आहे. स्पर्धा 1939 मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. पुढे दीर्घकाळ एका कॉन्फरन्समधून (विद्यापीठांच्या साखळी गटातून) फक्त विजेत्याला प्रवेश होता. 1974 मध्ये एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात मेरिलँडचा बलाढ्य संघ नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून जादा वेळेत 103–100 असा हरला आणि स्पर्धेबाहेर राहिला. पुढच्याच वर्षी संघसंख्या 32 झाली व एकाच कॉन्फरन्समधील दुसऱ्या संघालाही दार उघडले. 1979 पासून सर्व संघांना मानांकन मिळू लागले, 1985 मध्ये संघ 64 झाले. काहीजण 1985 हाच आरंभबिंदू धरतात. तथापि अंदाजाला वाव देणारा खरा बदल 1975 चा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्रॅकेटॉलॉजी हे नाव (‘ब्रॅकेट’ म्हणजे स्पर्धेतील सामन्यांचा तक्ता) 1990 च्या दशकाच्या मध्यास फिलाडेल्फियातील वृत्तपत्रांतून रूढ झाले असावे. त्याचे श्रेय सामान्यतः असे अंदाज बांधणारे अमेरिकी विश्लेषक जो लुनार्डी यांना दिले जाते.

समितीचे प्रमुख साधन 1981 ते 2018 या काळात आरपीआय हा निर्देशांक होता. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयप्रमाणाला 25 टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणाला 50 टक्के आणि त्यांच्याही प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणाला 25 टक्के भार असे. साहजिकच दुबळ्या संघाला हरवूनही निर्देशांक घसरू शकत असे. 2018–19 च्या हंगामापासून त्याच्या जागी ‘नेट’ ही एनसीएएची संघक्रमवारी आली. तिचे आरंभीचे पाच घटक 2020 मध्ये दोनवर आणले गेले. या क्रमवारीवरून प्रत्येक निकाल चार गटांत मोडतो. पहिल्या गटात घरच्या मैदानावर 1 ते 30, तटस्थ मैदानावर 1 ते 50 आणि परक्या मैदानावर 1 ते 75 क्रमांकांच्या संघांशी झालेले सामने येतात. म्हणजे सत्तराव्या क्रमांकाच्या संघाला त्याच्याच मैदानावर हरवले तर तो विजय पहिल्या गटातला, घरी हरवले तर दुसऱ्या गटातला. तोच प्रतिस्पर्धी पुढे 76 वर घसरला, तर परक्या मैदानावरचा विजयही, आपला संघ खेळलेला नसताना, दुसऱ्या गटात उतरतो.

2011 पासून संघ 68 आहेत. कॉन्फरन्स-विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो, उर्वरित जागा समिती भरते. चुरस असते ती शेवटच्या चार-पाच जागांसाठी. तिथे केवळ आकडे पुरत नाहीत : 2024 मध्ये ‘नेट’च्या पहिल्या तिशीतील इंडियाना स्टेट वगळला गेला, तर बराच खाली असलेला व्हर्जिनिया निवडला गेला. म्हणून जाणकार अभ्यासक संघाच्या ताकदीइतकाच समितीच्या सवयींचाही अभ्यास करतात. मांडणीचे नियमही पाहावे लागतात : सहसा कोणताही संघ स्वतःच्या मैदानावर खेळत नाही, आणि धार्मिक कारणाने रविवारी न खेळणाऱ्या ब्रिगम यंग विद्यापीठाला रविवारी सामना येणार नाही अशीच जागा द्यावी लागते. 2003 मध्ये समितीकडूनच हा नियम नजरेआड झाला होता.

महिलांची स्पर्धा 1982 पासून होते; 2022 मध्ये तिचेही संघ 68 झाले. तिच्यात पहिले 16 मानांकित संघ (चार विभागांतील प्रत्येकी पहिले चार) सुरुवातीच्या फेऱ्या आपल्याच मैदानावर खेळत असल्याने अंदाजकर्त्यांचे लक्ष चौथ्या व पाचव्या मानांकनामधील रेषेवरही असते.